खाराचे हात

पाणी हे मूलद्रव्य नव्हे, असं मास्तरांनी सांगितलं आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो आज, तोंडात एकही दात उरलेला नसतानाही, पुरता मिटलेला नाही. पाणी म्हणे दोन वायूंचं बनतं. त्यातला एक स्वतः भडकून जळतो, दुसरा जळणाऱ्याला जोर देतो, आणि दोघं एकत्र आले की जे होतं त्यानं आग विझते. वर्गातल्या पोरांनी माना खाली घालून हे सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला राहवेना. मी उभी राहून विचारलं, "सर, दोघंबी आगीचेच सोबती हायेत तर थे मिळून आगीवर उलटले काहून?" सगळा वर्ग खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. ते नागपूरकडून नवीनच आले होते, अंगानं किडकिडीत, कोटाच्या बाहीला कायम खडूची भुकटी. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "संयुगात मूळ द्रव्यांचे गुण राहत नाहीत." एवढं सांगून ते फळ्याकडे वळले. राहत नाहीत म्हणजे जातात कुठे, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात घंटा झाली.

आमचा मळा कारंजा गावाच्या बाहेर, गाडीवाटेला लागून. वांगी, मेथी, मुळा, सांभार म्हणजे कोथिंबीर, कांद्याची पात असं सगळं बाबा करायचे आणि दिवस उगवायच्या आत गाडी भरून बाजाराला न्यायचे. मी त्याच गाडीत, पातीच्या जुड्यांमध्ये बसून शाळेला जायची. त्यामुळे माझ्या कपड्यांना कांद्याचा वास यायचा आणि वर्गात दुसरी जी एकच मुलगी होती, कापसाच्या व्यापाऱ्याची, ती बाकाच्या पार टोकाला सरकून बसायची. मी शिकावं असं बाबांना का वाटलं हे मला कधी कळलं नाही, बहुधा त्यांनाही कळलं नसावं. कोणी विचारलं की ते म्हणायचे, "तिले घरी ठेवलं तर थे मले प्रश्न इचारते. त्यापरीस सरले इचारू दे." त्या दिवशी संध्याकाळी ते मोट हाकत होते. चाक कुरकुरत होतं, मोट वर येऊन भसकन पाणी ओतत होती, आणि मी पाटाच्या कडेला उभी राहून त्यांना सांगितलं की पाणी वाऱ्याचं बनतं. बाबांनी बैल थांबवले. "असं सर मनते?" "हाव." "मंग तुया सरले सांग, हे इहीर खंदता खंदता माया बापाची कंबर गेली, तवा वारा का झोपला होता?" आणि ते पुन्हा बैलांच्या मागे लागले. मला सरांचंही खरं वाटत होतं आणि बाबांचंही.

घरात माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी एकच होती, माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. ती न्हाण येण्याआधीच विधवा झालेली. आमच्यात पाट लागतो, विधवेचं दुसरं लग्न होतं, आणि तिच्यासाठीही एक चांगलं ठिकाण चालून आलं होतं. पण तेव्हाच माझी मोठी बहीण शेवंता जन्मली आणि माय अंथरुणाला खिळली. पोर आत्याच्या मांडीवर. आत्या म्हणाली, रांगू लागू द्या, मग पाहू. मग म्हणाली, चालू लागू द्या. असं करता करता ते ठिकाण निघून गेलं आणि पुढं कोणी तो विषयच काढला नाही. ताई पहिला शब्द 'आत्या' म्हणाली असं माय सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज जरा कोरडा व्हायचा.

आत्याच्या हाताला पापडाची कीर्ती होती. मळ्यातलं काम आटोपलं की ती मागच्या खोलीत पापडखाराचे पांढरे खडे पाण्यात भिजवायची, ते पाणी उकळून निवळत ठेवायची आणि वरच्या निवळीत उडदाचं पीठ भिजवायची. मग उखळात मुसळाचे ठोके. धप, धप, धप. आमच्या घराचा आवाज कोणता असं मला आज कोणी विचारलं तर मी मोटेचं चाक नाही सांगणार, मुसळ सांगेन. त्या खारानं तिच्या हातांची सालं निघायची, बोटांना भेगा पडायच्या. त्या हातांनी ती मला कच्च्या पिठाची गोळी तेलात बुडवून द्यायची. तशी चव पुन्हा कुठे मिळाली नाही. आता दुकानातून पुड्यात बांधून येतात त्या पापडांना मी पापड म्हणत नाही, घरात कोणाला राग आला तरी.

तिला मी अणू सांगितले. सगळं जग अणूंचं आहे, दगड, वांगं, माझी वेणी, सगळं. ते इतके बारीक की दिसत नाहीत. "मंग कोनं पाह्यले?" ती म्हणाली. हेच मीही विचारलं होतं आणि सर म्हणाले होते, कोणीच नाही. आत्याला यात काही अडचण वाटली नाही. तिच्या ओळखीच्या बऱ्याच गोष्टी कोणी पाहिलेल्या नव्हत्या. मग मी तिला रासायनिक क्रिया सांगितली. सरांनी ती खिडकीतून दाखवली होती. बाहेर कापसाच्या गाड्या सुटलेल्या होत्या आणि गाडीवान बैल बदलून जुंपत होते. सर म्हणाले, अणू म्हणजे हे बैल समजा. क्रियेत जू सुटतं, बैल दुसऱ्या बैलासोबत दुसऱ्या गाडीला लागतो. बैल तेच, जोडी नवी. आत्या मुसळ हातात धरून थांबली. "अन् त्याचा पयला जोडीदार?" "त्यालेबी दुसरा भेटते." "अन् नाई भेटला तर?" दुसऱ्या दिवशी मी हेही सरांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले की एकटा सहसा कोणी राहत नाही. मी धावत येऊन आत्याला तसंच सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुया सरले एकडाव घरी आन," ती म्हणाली. एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही. समजायला बरीच वर्षं लागली, आणि समजलं तेव्हा आत्या नव्हती.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते, बाहेरचा माल येत नव्हता. प्रयोगाच्या कपाटात पाच-सहा बाटल्या आणि त्यांवरची धूळ, एवढंच सामान. आम्ल आणि अल्क ओळखायचा जो रंगीत कागद असतो तो कुठेच मिळेना. तेव्हा सरांनी घरून हळद आणायला सांगितली. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून खिडकीत वाळवले आणि आम्हाला वाटले. प्रत्येकानं घरून काहीतरी आणलं होतं, कोणी चिंच, कोणी ताक, कोणी चुलीतली राख. मी फडक्यात बांधून आत्याच्या डब्यातला खार नेला होता. त्याचं पाणी बोटानं कागदावर लावलं आणि माझ्याच बोटाखाली तो पिवळाधमक कागद लालभडक झाला. मी हात मागे ओढला. हळद ही देवाधर्माची, लग्नकार्याची वस्तू, तिचं असं रक्त झालेलं पाहून मला वाटलं माझ्या हातून काहीतरी पाप घडलं. सरांनी त्यावर लिंबू पिळलं. लाल गेलं, पुन्हा पिवळं आलं. "मंग खार कुठं गेला?" मी विचारलं. सर म्हणाले, लिंबानं त्याला आपल्या जुवात घेतलं. म्हणजे पुन्हा बैलच. मी मान हलवली, पण कळलं म्हणून नाही. दाखवतात ते डोळ्यांना पटतं आणि सांगतात ते डोक्यात शिरत नाही, अशी माझी त्या वर्षभर स्थिती होती.

त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलं. मुलगा आसेगावचा, घरची शेती, स्वभाव गरीब. त्याला आई नव्हती. घर चालायचं त्याच्या थोरल्या मावशीच्या शब्दावर, आणि त्या मावशीबद्दल असं कानावर आलं होतं की एका लग्नात कोणी विधवा बाई मांडवात नवरीसमोर आली, तर ही भरल्या ताटावरून उठली आणि आपली सगळी माणसं घेऊन चालती झाली. खरं-खोटं कोणाला माहीत, पण मायनं त्याची धास्ती घेतली. लग्नाच्या आदल्या दिवशी ती आत्यापाशी आली. तिच्याकडे न पाहता, कोपऱ्यातल्या डब्यांकडे पाहत म्हणाली, "बाई, पापड कमी पडतीन असं वाटते मले. उद्या तुमी मागच्या खोलीत तेवढे करून घेता का?" डबे तोंडापर्यंत भरलेले होते. आत्यानंही डब्यांकडे पाहिलं. "करतो ना, वयनी," ती म्हणाली. "कराचेच हायेत पापड." मला मायचा राग आला. पण माय तिथून लगेच गेली नाही, डब्यांची झाकणं उगाच घट्ट करत उभी राहिली, हेही मला आठवतं.

हळदीच्या सकाळी मला आत्याच्या मदतीला बसवलं होतं. वऱ्हाड आदल्या रात्रीच येऊन उतरलेलं, समोर मांडवात बायांची गडबड, मागच्या खोलीत आम्ही दोघी. आत्याचे हात मनगटापर्यंत खाराच्या पाण्यात होते. दार ढकलून ताई आत आली. तिची आंघोळ झाली होती, केस ओले, अंगावर जुनं लुगडं. आत्या दचकून म्हणाली, "इथं काहून आली? जाय! आज माया तोंडापुढं येऊ नोको." "पाया पडून जातो," ताई म्हणाली, आणि वाकलीच. आत्यानं तिला उठवायला दोन्ही हात पुढे केले, कोपराखाली धरून वर घेतलं आणि तशीच धरून राहिली. "माये हात ओले हायेत वो," ती म्हणाली खरी, पण सोडलं नाही. मी पिठाकडे पाहत बसले, मला आपण तिथं नसायला हवं असं वाटायला लागलं. मग समोरून कोणीतरी ताईला हाक मारली आणि ती पदर ओढून निघून गेली.

थोड्या वेळानं आत्या मला म्हणाली, "तू जाय, पाह्यून ये. मले येऊन सांगजो." मांडवात ताई पाटावर बसली होती. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्याची मावशी स्वतः आली होती, धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गाणं रंगात आलं होतं. एकेक सवाशीण हळद लावून बाजूला होत होती, पाय झाले, खांदे झाले, मग कोणीतरी ताईचे हात माखायला घेतले आणि समोरच्या रांगेतलं गाणं अचानक तुटलं. मागच्या बाया थोडा वेळ गात राहिल्या, मग त्याही थांबल्या. ताईच्या दोन्ही हातांवर, कोपराखाली, पिवळ्या हळदीतून लाल बोटं वर येत होती. चार बाहेरून, अंगठा आतून. कोणीतरी अदृश्य माणसानं तिला धरून ठेवावं तशी. "रगत!" एक पोरगी किंचाळली. मायचा चेहरा पांढरा फटक पडला.

मीही घाबरले होते. पण दुसऱ्याच क्षणी मला तो टीपकागद दिसला आणि मी लिंबाच्या झाडाकडे पळाले. आजवर शाळेतलं काही घरी उपयोगी पडलं नव्हतं, आज पडणार, या आनंदात मी दुसरा काही विचारच केला नाही. फोडलेलं लिंबू घेऊन मी बायांमधून घुसले आणि ताईच्या उजव्या हातावरच्या करंगळीच्या खुणेवर पिळलं. ती लाल रेघ सगळ्यांसमोर पिवळी झाली. "भ्याचं काई काम नाई," मी मास्तरांच्या थाटात म्हणाले. "हे रासायनिक क्रिया हाये. खार अन् हयद एकत्र आले का लाल होते. लिंबानं जाते."

मावशीनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "हे मले माईत हाये, पोरी," ती म्हणाली. "चुना लावला का हयद लाल होते. कुकू तसंच करतात, माया मायनं शिकवलं मले. मी इचारून राह्यली, हात कोनाचे हायेत?"

काय कशात मिसळलं की काय होतं, हे सरांनी शिकवलं होतं. आणि ते सांगून बसल्यावर पुढच्या प्रश्नाचं काय करायचं, ते शिकवलं नव्हतं. खार म्हटलं की पापड, पापड म्हटलं की मागची खोली, आणि मागच्या खोलीत कोण, हे आमच्या बाजूच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मायनं डोळे मिटून घेतले. आता ही बाई उठणार, वऱ्हाड घेऊन जाणार, आणि सगळं आत्याच्या माथी येणार, जन्मभरासाठी. "माये," मी म्हणाले. "मी पापडाचं पीठ भिजवत होतो. मीच ताईले धरलं." मावशीनं माझा हात उचलला आणि ताईच्या हातावरच्या खुणेवर ठेवला. माझी बोटं अर्ध्यावरच संपली. "लहान पडते तुया हात," ती म्हणाली. मग तिनं माझ्या हातातलं लिंबू घेतलं, मायकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "जाऊ द्या. मी काई पाह्यलं नाई. पुसून घेऊ अन् पुढचं चालू द्या." मायच्या तोंडून मोठा श्वास सुटला. मलाही सुटल्यासारखं झालं.

ताईनं हात मागे ओढला.

"लिंबू नोका लावू," ती म्हणाली. आमची शेवंता जन्मात कधी मोठ्यांसमोर बोलली नव्हती. मान खालीच होती, पण आवाज सगळ्या मांडवात गेला. "मले सगळ्यायनं हयद लावली. आत्याचीच राह्यली होती. थे हे हाये. पुसू नोका."

"शेवंते!" माय म्हणाली. मावशी लिंबू हातात धरून उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढं आसेगावला तिच्या घरी कितीदा जेवले तरी विचारायची हिंमत झाली नाही. एरवी माणसं तिला कठोर म्हणायची तशीच ती बाई होती, त्यात काही खोटं नव्हतं. पण त्या दिवशी तिनं लिंबू ताटलीत ठेवलं, बोटं पदराला पुसली, वाटीतली हळद घेतली आणि ताईच्या गालांना लावायला सुरुवात केली. ते हात मात्र तिनं तसेच सोडले. "गानं काहून थांबलं वो?" ती बायांवर खेकसली. बाया गायला लागल्या, सगळ्याच जरा जास्त मोठ्यानं.

मी मागच्या खोलीत आले तर मुसळ थांबलेलं. आत्या दाराशीच उभी होती. "गानं काहून थांबलं होतं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, भराभर, मागचं पुढे पुढचं मागे करून. खुणा उमटल्या ऐकून ती मटकन खालीच बसली आणि आपल्या हातांकडे पाहायला लागली. "माया हातानं झालं," ती म्हणाली. "माया हातानं पोरीचं लगन..." मी म्हटलं, मोडलं नाही, मावशी हळद लावून राहिली आहे. "मंग पुसलं ना लिंबानं?"

"ताईनं पुसू नाई देलं. तुयी हयद हाये मने थे."

समोर गाणं चालू होतं. मला वाटलं आता आत्या रडेल, आणि मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. एखाद्या लहान पोरीनं हट्ट करावा तसं काहीतरी.

"दोन्ही हातावर उमटलं?"

"हाव."

"पाची बोटं?"

"पाची," मी म्हणाले, आणि मग मला आठवलं. "उजव्या हातावर चारच. एक मी पुसलं. दाखवासाठी."

"कोन्तं?"

"करंगळी."

आत्यानं माझा हात पकडला. माझी करंगळी मुठीत घेतली, शेजारच्या भांड्यातल्या खाराच्या पाण्यात पार मुळापर्यंत बुडवली आणि मला दाराकडे ढकललं. "जाय," ती म्हणाली. "लावून ये."

आणि मी ती ओली करंगळी कुठे लागू नये म्हणून वर धरून, दोन्हीकडच्या वऱ्हाडणींच्या मधून, ताईच्या पाटाकडे धावत सुटले.